अपघातात जखमी झालेल्या बाईचं काम कोण मोजणार?

(महिला कार्यकर्त्यांच्या कायदा-शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

कार्यक्रमपत्रिकेत 'रस्ते अपघात आणि नुकसानभरपाई' असं वाचून काही जणींना वाटलं असेल, हा विषय आपल्या शिबिरात कशाला? पोटगी, मारहाण, जमिनीवरचा हक्क हे आपले विषय. अपघात काय, बाईलाही होतो आणि पुरुषालाही होतो. गाडी काही बाई बघून धडकत नाही. खरं आहे. पण धडक बसल्यानंतर जे जे घडतं, त्यातल्या प्रत्येक पायरीवर बाई आणि पुरुष यांच्यात फरक केला जातो, आणि तो फरक शेवटी रुपयांत उतरतो. आज मला त्या फरकाबद्दल बोलायचं आहे.

मी वकील नाही. गटाचं काम करणारी आणि स्वतः दावा लढवलेली बाई आहे. २०१६ साली कराडच्या अलीकडे महामार्गाच्या सेवा रस्त्यावरून मी बाजार घेऊन घरी चालले होते. मागून टेम्पोने उडवलं. उजव्या गुडघ्याची वाटी फुटली, डावं मनगट मोडलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या, तीन महिने अंथरुणात गेले, पुढे सहा महिने काठी. आजही मला मांडी घालून किंवा उकिडवं बसता येत नाही. खाली बसता न येणाऱ्या बाईला आपल्या घरात काय काय करता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

दवाखान्यात मला आणलं तेव्हा मी शुद्धीत नव्हते. केसपेपर भरणाऱ्याने नाव, वय, पत्ता विचारून घेतला. 'व्यवसाय' या रकान्यात मात्र कुणाला न विचारताच लिहिलं, 'काही नाही'. तेच शब्द दवाखान्यातून पोलिसांच्या कागदात गेले आणि तिथून विमा कंपनीच्या वकिलाच्या हातात. उलटतपासणीत त्यांनी मला विचारलं, "तुम्ही अंथरुणाला खिळून होता त्या काळात घर बंद होतं का?" मी म्हटलं, नाही. "स्वयंपाक होत होता ना? धुणीभांडी होत होती ना? मग नुकसान काय झालं?"

मैत्रिणींनो, सगळा विषय या एका प्रश्नात आहे. पुरुष जखमी झाला की त्याचा कारखाना त्याचा पगार थांबवतो. पगार थांबला की कागद तयार होतो, आणि कागद आला की नुकसान सिद्ध होतं. बाई जखमी झाली तर तिचं काम थांबत नाही, ते फक्त दुसऱ्या बाईकडे जातं. माझ्या घरी ते माझ्या नववीतल्या मुलीकडे गेलं. नंतर गावाहून माझी बहीण आली, ती स्वतःच्या शेतातली खुरपणी सोडून. स्वयंपाक होत होता, हे खरं. पण तो मुलीच्या शाळेतून आणि बहिणीच्या मजुरीतून होत होता. नुकसान झालंच होतं. ते तीन बायकांत वाटलं गेलं म्हणून दिसेनासं झालं होतं.

आता कायद्याने बाईच्या कामाची किंमत कशी कशी धरली ते थोडक्यात बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. १९९४ साली त्यात १६३-अ हे कलम आणि त्यासोबत एक कोष्टक आलं. ज्याला कमाई नाही अशा माणसाचं उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरावं, असं त्यात होतं. म्हणजे दिवसाला सुमारे ४१ रुपये. आणि नवराबायकोपैकी एक कमावत नसेल, तर जो कमावतो त्याच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश हिस्सा. म्हणजे बाईच्या कष्टाची किंमत नवऱ्याच्या पगारावर ठरणार. साहेबाची बायको जास्त राबते आणि हमालाची बायको कमी राबते, असा त्याचा अर्थ. २०१९ च्या दुरुस्तीने ते कलम गेलं. दुरुस्तीचा हा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. कलम गेलं तरी त्यामागचा विचार लोकांच्या डोक्यात अजून आहे.

सर्वोच्च न्यायालयात हा विचार हळूहळू बदलत गेला. जमशेदपूरला १९८९ साली एका समारंभात आग लागून अनेक जण दगावले, त्यात गृहिणीही होत्या. त्या प्रकरणात, म्हणजे लता वाधवा खटल्यात, २००१ साली न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली. २०१० साली अरुणकुमार अग्रवाल खटल्याच्या निकालात न्यायालयाने २००१ च्या जनगणनेवर बोट ठेवलं. त्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांच्या बरोबरीने 'काम न करणाऱ्या' गटात टाकलं होतं. पुढे जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात सरकारच्याच वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला गेला. २०१९ च्या त्या पाहणीप्रमाणे घरातल्या बिनमोल कामावर बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि पुरुष ९७ मिनिटं. (२०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ आहेत.) गृहिणीचं जे उत्पन्न गृहीत धरायचं, त्यात पुढच्या वर्षांत होणारी वाढही धरली पाहिजे, असं त्या निकालाने सांगितलं. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालय म्हणालं, गृहिणीचं उत्पन्न रोजंदारी मजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी धरता येणार नाही.

चांगले निकाल आहेत. ते आपल्याला तोंडपाठ पाहिजेत. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मी सांगितलेल्या या सगळ्या निकालांत ज्या बाईच्या कामाची किंमत केली, ती बाई मेलेली आहे. बाई गेल्यावर घराला तिची उणीव कळते, तशी ती न्यायालयालाही कळली. जिवंत राहिलेल्या, लंगडत का होईना पण चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या बाईलाही हेच तत्त्व लागू आहे. फक्त ते तिच्या बाबतीत आपोआप लागू होत नाही. आपल्याला मांडावं लागतं.

ते मांडायचं कसं? जखमी माणसाच्या भरपाईसाठी राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल पायाभूत मानतात. भरपाई कशाकशाची मागायची ते त्यात सांगितलं आहे. दवाखाना, औषधं, प्रवास, सकस आहार यांचा खर्च. उपचाराच्या काळात बुडालेली कमाई. कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई. पुढच्या उपचारांचा खर्च. वेदना आणि मनस्ताप. आयुष्यातल्या सुखसोयी हिरावल्या गेल्या त्याबद्दल. आणि आयुष्यमान घटलं असेल तर त्याबद्दल. डॉक्टर अपंगत्वाचे टक्के लिहून देतात आणि कमाईची ताकद काही टक्के जाते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असंही हा निकाल सांगतो. त्यातलं उदाहरण असं आहे : एखाद्याचा डावा हात गेला. तो सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित जाणारही नाही.

मग गृहिणीचा हात गेला तर? गुडघा गेला तर? तिची नोकरी जात नाही, म्हणून तिला कारकुनासारखी धरतात. खरं तर तिचं काम सुताराच्या जातीचं आहे. उचलणं, वाकणं, बसणं, घासणं, पिळणं, कळशी भरून आणणं. आपला पहिला मुद्दा हा असला पाहिजे.

आकड्यांत सांगते. समजा, ३८ वर्षांची बाई आहे आणि तिचा गुडघा कायमचा अधू झाला. एका ठिकाणी तिचं गृहीत उत्पन्न महिन्याला ५,००० धरलं, पुढची वाढ धरली नाही आणि कामाची ताकद दहा टक्के गेली असं मानलं. या वयाला १५ चा गुणक लागतो. पाच हजार गुणिले बारा गुणिले पंधरा, त्याचे दहा टक्के : ९०,००० रुपये. दुसऱ्या ठिकाणी उत्पन्न १२,००० धरलं, त्यात चाळीस टक्के वाढ मिळवून १६,८०० झाले आणि तिच्या कामाचं स्वरूप बघून ताकद तीस टक्के गेली असं मानलं. हिशोब येतो ९,०७,२०० रुपये. गुडघा तोच, बाई तीच, कायदाही तोच, आणि फरक दहापटीचा. हा फरक कलमांतून येत नाही. न्यायाधीशासमोर काय पुरावा आला, त्यावरून येतो.

म्हणून कार्यकर्तीचं काम अपघाताच्या दिवशीच सुरू होतं. दवाखान्यात पोचलात की आधी केसपेपर बघा. 'व्यवसाय : काही नाही' असेल तर तिथेच बदलून मागा. घरकाम लिहा. त्याबरोबर ती शिवण करत असेल, डबे देत असेल, शेळ्या राखत असेल, बचत गटाचं कर्ज काढून पापड करत असेल, तर तेही लिहा. आपल्याकडे बाईची कमाई दुसऱ्याच्या नावाखाली लपलेली असते. डेअरीचं खातं नवऱ्याच्या नावावर, पण धारा काढते बाई. सातबारा सासऱ्याच्या नावावर, पण निंदणी-खुरपणी बाईची. ऊसतोडीत तर 'कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडीच, आणि उचल मात्र पुरुषाच्या हातात. उसाच्या ट्रॉलीखाली सापडून बाई जायबंदी झाली, तर अर्धा कोयता मोडला. हे मुकादमाच्या वहीतून, डेअरीच्या पावत्यांतून, शेजाऱ्यांच्या साक्षीतून दाखवता येतं. फक्त ते गोळा करणारं कुणीतरी लागतं.

दुसरं, एक वही घाला. रोज चार ओळी लिहा. आज स्वयंपाक कुणी केला, पाणी कुणी भरलं, जखमी बाईला न्हाणीपर्यंत कुणी नेलं, मुलगी शाळेत गेली का, बहिणीची मजुरी किती बुडाली, रिक्षाला किती दिले. पावत्या त्याच वहीत चिकटवा. माझ्या दाव्यात मुलीच्या शाळेचा हजेरीपट कामाला आला. त्या तीन महिन्यांत तिचे एक्केचाळीस दिवस बुडाले होते. मुख्याध्यापकांनी तसा दाखला दिला, आणि 'घर बंद होतं का' या प्रश्नाला उत्तर मिळालं. शुश्रूषेची रक्कम मला त्यावर मिळाली. माझ्या पुढच्या कामाच्या नुकसानीचा आकडा मात्र मला पाहिजे होता त्यापेक्षा बराच कमी धरला गेला. शुश्रूषेची किंमत करता येते आणि करावी लागते. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपघातामुळे पूर्ण परावलंबी झालेल्या मुलीसाठी दोन मदतनिसांचा महिन्याचा खर्च धरला आणि त्याला अठरा वर्षांचा गुणक लावला. एकरकमी काहीतरी देऊन विषय मिटवला नाही.

तिसरं, डॉक्टर. अपंगत्वाच्या दाखल्यात नुसते टक्के पुरेसे नाहीत. ही बाई खाली बसू शकत नाही, जड उचलू शकत नाही, फार वेळ उभी राहू शकत नाही, असं साध्या भाषेत लिहून मागा. ज्यांनी उपचार केले ते डॉक्टर साक्षीला आले तर उत्तम. त्यांना आधीपासून विनंती करून ठेवा.

आता मुदतीचं. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. पण आपण त्या भरवशावर राहायचं नाही. बाई अंथरुणात असताना 'आधी बरी होऊ दे, मग बघू' असं घरात म्हणतात आणि सहा महिने बघता बघता जातात. पोलिसांनी अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा, असा नियम आहे. तो गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारा. दावा अपघात झाला तिथेच टाकावा लागतो असं नाही. बाई जिथे राहते तिथल्या न्यायाधिकरणातही टाकता येतो. अपघातानंतर माहेरी येऊन राहिलेल्या बायकांना हे मुद्दाम सांगा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो. तिला उत्पन्नाची अट नाही.

मे २०२५ पासून आणखी एक योजना आली आहे. अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोख न भरता मिळू शकतात. आणि ठोकर देऊन गाडी पळून गेली, तिचा पत्ताच लागला नाही, तरी गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला दोन लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा.

एका नाजूक गोष्टीवर बोललं पाहिजे. आपल्या कितीतरी बायका नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसलेल्या असताना पडतात. मग घरात चर्चा होते, 'नवऱ्यावर केस करायची का?' आणि विषय तिथेच संपतो. नीट समजावून सांगा. गाडीची सर्वसमावेशक, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर मागे बसलेलीलाही विम्याचं संरक्षण असतं आणि पैसे विमा कंपनी देते. नुसती सक्तीची थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर कंपनी हात वर करते. समोरच्या गाडीचीही चूक असेल, तर मागे बसलेली बाई त्या गाडीवाल्याकडून आणि तिच्या विमा कंपनीकडून पूर्ण भरपाई मागू शकते, कारण तिची स्वतःची काहीच चूक नसते. तेव्हा घरात नवी गाडी आली की पूजेआधी विम्याचा कागद वाचा.

तरुण मुलींच्या दाव्यात आणखी एक शब्द येतो : 'विवाहाची संधी गमावणे'. चेहऱ्यावर व्रण आला की वकील हटकून हा मुद्दा घालतात. आमच्या गटात यावर दोनदा भांडण झालं. मुलीची किंमत लग्नाच्या बाजारात किती घटली, असा हिशोब आपण आपल्या हाताने मांडायचा? एक मैत्रीण म्हणाली, कायदा देतोय ते पैसे सोडायचे कशाला, समाज तर तिला नाकारणारच आहे. दोघींचंही खरं होतं. शेवटी आम्ही ठरवलं की निर्णय त्या मुलीचा. पण आम्ही अर्जात तिचं शिक्षण, तिची नोकरी, चारचौघांत वावरताना तिला होणारा त्रास हे आधी आणि सविस्तर लिहितो. व्रणाची भरपाई मिळायला लग्न हे एकच कारण असता कामा नये.

आणि शेवटचा मुद्दा पैशाचा. भरपाई मंजूर झाली म्हणजे ती बाईला मिळाली असं नाही. लोकअदालतीत तडजोड करताना बाई बाहेर बाकावर बसलेली आणि आत आकडा ठरवतायत दीर आणि नवरा, असं मी पाहिलं आहे. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी हिशोब तिला समजलाच पाहिजे. आमच्याकडच्या एका बाईची कंबर कायमची गेली. तिच्या रकमेतून घरात ट्रॅक्टरचा हप्ता भरला गेला, आणि ती आजही गोळ्यांसाठी सुनेकडे पैसे मागते. रक्कम तिच्या एकटीच्या खात्यात मागा, आणि मोठा भाग तिच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायला न्यायाधिकरणाला सांगा. १९९४ सालापासून सर्वोच्च न्यायालयाचं याबाबत मार्गदर्शन आहे, आणि रक्कम थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करण्याबद्दल २०२५ मध्ये आदेशही झाला आहे. ज्या बाईचं स्वतःचं बँक खातं नाही, तिचं खातं दावा चालू असतानाच उघडून घ्या.

घरकामाला मोल आहे, ही घोषणा आपण अनेक मोर्च्यांत दिली. अपघाताचा दावा ही अशी एक जागा आहे जिथे न्यायाधीशाला त्या कामासमोर रुपयाचा आकडा लिहावाच लागतो. तो आकडा योग्य पडावा म्हणून त्याच्यासमोर पुरावा ठेवणं आपल्या हातात आहे. तेव्हा गावी गेल्यावर एवढं करा. गेल्या सहा महिन्यांत आपल्या वस्तीत अपघातात जखमी झालेल्या बायका कोण, त्यांच्या कागदांवर 'व्यवसाय' या रकान्यात काय लिहिलं आहे, दावा दाखल झाला का, हे घरोघर जाऊन विचारा. पुढच्या बैठकीला ती यादी घेऊन या. आपण तिथून सुरुवात करू.